सहानंतर आठ

माझ्या यंत्राला दोन्ही हात लागतात.
एक दांडी डाव्या हाताने, एक उजव्या,
दोन्ही दाबून धरल्या तरच पाचर खाली उतरते.
एक जरी सुटली
तरी लोखंड जागच्या जागी थांबतं.
बोटं वाचावीत म्हणून, असं विकणारा म्हणाला.
मला वाटतं, ज्याने हे बनवलं
त्याच्या घरात रांगतं मूल असणार.

मादारा रडली की मी सोडते.
अर्धा चिरलेला ओंडका
तोंड वासून बघत राहतो.

लुद्झाच्या अलीकडे, तळ्याला वळसा घालून येणाऱ्या
कच्च्या रस्त्यावर माझं अंगण.
बर्च, अल्डर, एका कडेला थोडा अ‍ॅश.
ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये दोन पोरं,
काचेतून मला दिसतील अशी.
जमिनीवर पिवळी दोरी आहे,
यंत्र चालू असताना रूडिसने ती ओलांडायची नाही.
तो ओलांडत नाही.
त्याचा बूट उडत येतो, एकटाच.

अल्डर चिरला की आतून पांढरा असतो,
मग बघता बघता तांबूस होतो,
सोलवटलेल्या गुडघ्यासारखा.
'त्याला लागलं?' गेल्या वर्षी विचारलं होतं रूडिसने.
मी नाही म्हटलं.
यंदा तो विचारत नाही,
गुपचूप फुंकर घालतो.

गुंटार्स नॉर्वेत, मासळीच्या कारखान्यात.
रविवारी फोनवर विचारतो, किती लाकूड गेलं?
मग विचारतो, दात किती आले?
दोन्ही आकडे एकाच वहीत आहेत माझ्या:
बारा स्टेर. चार दात.
उधारी: शाळेचा रखवालदार, दोन स्टेर.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणतात.
म्हणणाऱ्याने लाकूड विकलेलं नसावं.
ओलं धुमसतं, चिमणी काळी करतं,
आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी
दुसऱ्याच्या अंगणात गाडी वळवतं.

म्हातारी ब्रोनिस्लावा पेन्शनच्या दिवशी
दहा पोती मागवते, एकही जास्त नाही.
ऑक्टोबरात एका सकाळी मादाराला ताप होता,
पाठीवर बांधलेली, मानेवर तिचा गरम श्वास,
आणि मी पोती गाडीत फेकत होते.
मोजायचं काम रूडिसकडे.
मोठ्या आवाजात, खांबाला टेकून, मुकादमासारखा:
चार, पाच, सहा, आठ,
नऊ,
दहा. झाली!

मला ऐकू आलं होतं का?
आलं असणार.
कान होता तापाकडे.

संध्याकाळी फोन. ब्रोनिस्लावा ओरडली नाही,
तेच वाईट.
'मी दोनदा मोजली,' एवढंच म्हणाली,
'माझी नजर आता तशी राहिली नाही,
पण नऊच भरतात, बाळा.'

एका पोत्यासाठी आठ किलोमीटर,
डिझेलचा हिशोब मी केला नाही.
मादारा मागे झोपलेली, ताप उतरून घामेजलेली,
रूडिस पुढे, मांडीवर बर्चच्या सालीचा तुकडा.
सालीवर कोळशाने त्याने काहीतरी काढलं होतं,
घर असेल, नाहीतर यंत्र,
त्याची दोन्ही सारखीच दिसतात.

दारात पोतं त्यानेच ओढत नेलं,
उंबऱ्यावर अडकलं, मी हात लावला नाही.
ब्रोनिस्लावा कंदिलासारखा मोबाईल उंच धरून उभी.
'हा सात,' तो तिला म्हणाला,
जणू इतके दिवस
त्याने तो जपूनच ठेवला होता.

तिने काकडीच्या लोणच्याची बरणी दिली.
पैसे आधीच दिले होते.
बर्चची साल तिने पेटवायला घेतली नाही,
चुलीच्या वर, खिळ्याला अडकवली.

परतताना अंधारात तो पुन्हा मोजायला लागला,
रस्त्याकडेचे खांब.
पाच, सहा, आठ.
मी सुधारलं नाही.
आता मीही मोजते, त्याच्या मागून,
हळू आवाजात,
दोन्ही हात स्टिअरिंगवर.