नडी

चार माग किलोवर गेले.
टेम्पोवाल्यानं वजनाचा कागद हातात दिला.
शेडमध्ये उरले तेलाचे चार चौकोनी डाग
आणि आवाज.
आवाज भंगारात कोणी घेत नाही.

रात्री अडीच वाजता
वडगावची गल्ली निपचित पडलेली असताना
माझ्या कानशिलात धोटा सुरू व्हायचा.
खटक् इकडून. खटक् तिकडून.
कापड मात्र इंचभर पुढं सरकायचं नाही.

बायको म्हणायची, "पडून तर ऱ्हावा की."
पडून राहायचो. मग पडूनच राहायचो,
उजाडलं तरी, मावळलं तरी.
पोरगी उशाशी चहा ठेवून
पाय न वाजवता जायची.

डॉक्टरांनी निदान केलं.
एक गोळी रात्री, अर्धी सकाळी,
आणि त्याखाली तसल्याच गिचमिड अक्षरात:
रोज चढाचं चालणं, मोकळ्या हवेत.
मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या,
शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं,
"हे आमच्याकडं मिळत नाही, काका."

येळ्ळूर गडाच्या पायथ्याला सायकल लावली
तेव्हा तांबडंही फुटलं नव्हतं.
दुसऱ्या वळणावरच छातीत खडखडाट.
दगडावर बसलो. परत फिरायचं ठरवलं.
मागून एक बॅटरी आली, बॅटरीमागं मफलर,
मफलरात शिवलिंगप्पा,
रिटायर लाईनमन, धामण्याचा.
नाव-गाव नंतर कळलं. आधी एवढंच म्हणाला,
"नडी."

नड मला ठाऊक होती.
अडीनडीला कोण येतं,
कोण गल्ली बदलून जातं,
सगळा पाढा पाठ होता.
हा कुठल्या नडीचं विचारतोय?
जन्मभर हुबळीच्या पेढीशी कानडीत भाव केले,
खरं त्या घडीला डोकं चालेना.
त्यानं उजेड माझ्या चपलांवर धरला.
नडी. चाल.
मी उठलो तसा म्हणाला, "निधान."

सावकाश, असं म्हणायचं होतं त्याला.
मला ऐकू आला ठेवा,
पुरून ठेवलेला, वर कुठंतरी.
पुढचं वळण मी त्या चुकीच्या अर्थावर चढलो.

गड चढला की बरं वाटतं, असं कोणी सांगेल.
रोज नाही वाटत.
काही दिवस वर पोचूनही आत काही हलत नाही.
नुसता घाम येतो, घामाला वारा लागतो,
करवंदीच्या काट्यानं ओरखडलेलं चरचरतं,
आणि चरचरतं ते आपलंच आहे
एवढं समजतं.
खाली मसुराच्या रानावर धुकं,
त्यातून एखादी म्हैस अर्धीच उगवलेली.

तिथून मोठे टॉवर दिसतात,
तारा खांद्यावर घेऊन शिवारातून गेलेले.
शिवलिंगप्पा त्यांच्याकडं पाठ करून बसतो.
एकदाच बोलला, मोडक्या मराठीत.
"सातवा खांब. तिथं माझा जोडीदार.
लाईन बंद हाय म्हणून मीच सांगितलो."
बावीस वर्षं झाली म्हणाला.
बावीस वर्षं हा माणूस हा चढ चढतोय.

मी काय बोलणार.
फडक्यातली भाकरी मोडली,
मोठा तुकडा त्याच्याकडं गेला.
वारा होता. बराच वेळ नुसता वारा होता.
मग मीच उठलो. म्हणालो,
"नडी."

परवा अर्ध्या वाटेवर पुन्हा तो आवाज.
खटक्, खटक्.
घाबरून थांबलो. मनगट धरलं.
नाडी होती.
मागं वळून पाहिलं तर दवातल्या गवतावर
आमच्या पावलांचा काळपट पट्टा,
किनार जरा वाकडी.
किती वार झाला, मोजला नाही.

गोळी चालू आहे. सकाळची अर्धी बंद झाली.
पोरगी आता चहा ठेवताना कप वाजवते.
सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी आहे,
झोपायच्या आधी भरून ठेवतो.