पांढरं लागेपर्यंत

लष्करात नऊपर्यंत धुकं.
गच्चीवर सोळा कुंड्या,
रात्री पोत्यांखाली झोपवलेल्या.

रामसेवक माळी म्हणाला होता,
'बाई, पाला जाने दो, फिर काटना.'
थांबले. संक्रांत गेली, वसंतपंचमी गेली.

आज कात्री डेटॉलने पुसली.
काळी पडलेली फांदी बोटभर कापली,
आत तपकिरी.
आणखी बोटभर. तपकिरीच.
पांढरं लागेपर्यंत कापायचं,
हे तुमचंच वाक्य.
तुमच्या वेळी सर्जन मात्र
मधेच थांबला.

कापत कापत कलमाच्या गाठीशी आले.
तिथे एक डोळा,
तांबूस, मोहरीएवढा.
गाठीच्या वर की खाली?
खाली असेल तर रानटीच फुटणार.
चष्मा आणला.

वर.

पाणी उद्या, ऊन आल्यावर.
पोतं झटकून घडी केलं,
फेकलं नाही.
मुरारकडून अजून
बोचरं वारं येतं.