मुठीएवढं

बार्न्स्लीच्या मधुमेहाच्या दवाखान्यात
शनॉन नावाची नर्स म्हणाली, मूठ मिटा.
मिटली.
एवढं फळ म्हणजे एक वाटा. दिवसाला पाच,
फळं आणि भाज्या मिळून. रस नको, चावून खा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ऐकत आले,
आणि इथे तिचा भाव निघाला: सात स्ट्रॉबेऱ्या,
किंवा एक सफरचंद.
रक्ताचा आकडा त्रेसष्ट. तोही झाकता आला नाही.

पाच म्हटल्यावर मला पूजाच आठवली.
चौरंगावर पाच फळं मांडायची,
डागाळलेली बाजू मागे वळवून,
आणि फोडी सगळ्यांना पुरल्या की
ताटात उरलेला केळ्याचा काळा तुकडा आपला.
चाळीस वर्षं चिरली फळं. खाल्ली किती,
ते विचारू नका.

आता बाजारातून पौंडाला वाडगाभर सफरचंदं आणते,
सालीसकट खाते. साल दातांत अडकते.
ज्याला चोथा म्हणून नाक मुरडलं
त्याचंच इथे कौतुक: तो म्हणे साखरेला
रक्तात एकेक करून, रांगेने सोडतो,
इथल्या बसस्टॉपवर चढतात तसं.
केळं अर्धं, जरा हिरवटच.
पालकाच्या भाजीवर संत्र्याच्या चार फोडी,
लोह अंगी लागावं म्हणून.
द्राक्षं मोजून. मोजताना दोन तोंडात जातात,
ती मी धरत नाही.

शेजारी सिरिल ऑक्सली. छत्तीस वर्षं खाणीत.
कुंपणावरून म्हणाला, फळं?
ती तर आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात.
मी हसले. आमच्याकडेही तेच, सिरिल.
सफरचंद-मोसंबी उशाशी पोचतात
तोवर माणसाला गिळवत नसतं.
त्याच्या लहानपणी एक संत्रं मिळायचं, नाताळात,
मोज्याच्या पार टोकाशी.
ते तो नुसतं हुंगून दोन दिवस पुरवायचा.

मी त्याला अर्धं ग्रेपफ्रूट दिलं, मोठ्या ऐटीत.
दुसऱ्या दिवशी बशीसकट परत:
केमिस्ट म्हणतो, कोलेस्टेरॉलच्या गोळीशी याचं वाकडं.
घ्या!
मग सुके आलुबुखार दिले, रात्री भिजवून.
तीन दिवसांनी कुंपणापाशी आला, बोलला काही नाही,
फक्त अंगठा वर केला.
मीही खोलात गेले नाही.

सप्टेंबरात त्याने मला कोळशाच्या जुन्या रुळांकडे नेलं.
रूळ नाहीत आता. नुसती वाट,
आणि दोन्ही अंगांना ब्लॅकबेरीची जाळी.
फुकट, म्हणाला. खालच्या सोड, कुत्री फिरतात.
वरच्या तोडल्या. बोटं जांभळी, मनगटावर ओरखडे.

पुढच्या तपासणीत आकडा अठ्ठावन्न.
फळांनी, की त्या वाटेवरच्या चालण्याने,
की रात्रीचा भात निम्मा केल्याने,
शनॉन काही सांगेना.

सिरिलची मूठ माझ्या दोन मुठींएवढी.
म्हणजे तुझा एक वाटा तो माझे दोन,
हा कुठला न्याय, म्हटलं.
तो नखाने काटा काढत होता.
म्हणाला, काटेही तसेच वाटू, लव्ह.
हे दोन माझे. हा एक तुझा.