एकोणीस शिपाई कमी

मूळ खेळ कॅसेटवर होता.
भरायला सात मिनिटं, तेवढ्यात चहा व्हायचा,
कधी शेवटच्या मिनिटाला टेप खरखरायची
की पुन्हा पहिल्यापासून.
पन्नास शिपाई, एक राजा, कोरड्या नदीचं पात्र.
राजा मेला की संपलं.
बाकी कुणी मेलं तर नुसतं टिक्.

शत्रू आपल्या पाळीची वाट बघत नसे,
हेच त्यात नवं.
बुद्धिबळासारखं हनुवटीला हात लावून बसलात
की डावीकडून चार भालेवाले हजर.

तो मी बनवला नाही.
ओकायामाच्या कुणा सुएमात्सू नावाच्या विद्यार्थ्यानं बनवला.
माझ्याकडे आला तो दुसऱ्या यंत्रात बसवायला:
टीव्हीला जोडायचं खोकं, मेमरी मूळच्या पाव,
मुदत फेब्रुवारीअखेर.
नागाओका. छपरावर माणूसभर बर्फ.

आमच्या धंद्यात या कामाला इशोकु म्हणतात.
माळी रोप एका कुंडीतून दुसरीत लावतो, तोही इशोकु.
आणि त्या हिवाळ्यात डॉक्टर कुरिहारा
फुसाएच्या फायलीवर
तीच दोन अक्षरं लिहीत होते.
मूत्रपिंड तिच्या थोरल्या भावाचं, योशितोचं.
तो मळणीयंत्रं विकायचा.
बहिणीला त्यानं जन्मात साधं पत्र पाठवलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, शरीर परक्याला ओळखतं.
मी मान डोलावली.
यंत्रही ओळखायचं. पडदा हिरवागार,
राजा अर्धा, शिपाई झाडांच्या शेंड्यांतून उगवलेले.
मग रात्रभर एकेक ओळ सोलत बसायचो.
नदीकाठचं गवत काढलं. सावल्या काढल्या.
विजयाची धून आठ सुरांवर आणली.
तरी जागा पुरेना.

शेवटी शिपाई मोजले.
एकतीस बसत होते.
कुणाला काढायचं?
सगळे सारखे, आठ बाय आठ ठिपके, नावंही नाहीत,
आणि तरी दोन दिवस माझा हात उचलेना.
तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर
बिलाच्या पाठीमागं एकोणीस लिहिले
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

ऑपरेशन सहा तास चाललं.
थांबवायचं बटण त्यालाही नव्हतं.
योशितो शुद्धीवर आला, आधी विचारलं,
"चालतंय का ते?"
गिऱ्हाइकाला विचारावं तसं.
चालत होतं. फुसाएच्या खाटेला लटकलेली
लघवीची पिशवी भरत होती.
इतकी देखणी वस्तू मी नंतर पाहिली नाही.

एप्रिलमध्ये खेळ दुकानात आला.
शिपायांना नावं नव्हती, पण पोरांनी खेळाला ठेवली:
मूळचा बरा होता, याचा राजा लंगडतो.
लंगडायचा खरा.
डाव्या पायाचं एक चित्र मी वाचवलं होतं.

फुसाएला त्या मूत्रपिंडानं अकरा वर्षं दिली.
बाराव्या वर्षी शरीरानं पुन्हा ओळखलं.
योशितो उरलेल्या एकावर
अजून मळणीयंत्रांच्या गोष्टी सांगतो.

परवा त्याच्या नातवानं, शुन्साकुनं, फोन पुढं केला.
कुणीतरी मूळ खेळ जसाच्या तसा आणलाय,
भरायला पापणी लवते तेवढा वेळ.
काठावर गवत. झाडांखाली सावल्या.
मी शिपाई मोजले. मग पुन्हा मोजले.
राजाला थोडं चालवलं, आणि थांबवलं.
दोन्ही पाय धड होते.

"आजोबा, हलवा ना!" शुन्साकु ओरडला.
डावीकडून चौघे येत होते.