घंटेच्या आधी

सातवी क. उत्तरेश्वर पेठेतली शाळा.
वर्गात घड्याळ नव्हतं, सन्मती मगदूम होता.
घंटा व्हायच्या अर्धा मिनिट आधी
त्याची दोन्ही बोटं कानात जायची
आणि आम्ही दप्तरं आवरायला घ्यायचो.

के.एम.टी.च्या सगळ्या गाड्या त्याला पाठ.
गंगावेशीतनं कुठली, किती वाजता,
कळंब्याला पोचायला किती मिनिटं.
न विचारता सांगायचा,
खिडकीच्या गजाला सांगावं तसं.
"खुळं हाय," पोरं म्हणायची.
एकदा कुणीतरी त्याच्या कानाशी कंपासपेटी आपटली.
तो बाकाखाली गेला
तो मधली सुट्टी संपली तरी तिथंच.
कंपासपेटी माझी होती.
मागितली, दिली. कशाला पाहिजे, मी विचारलं नाही.
बरीच वर्षं मी हे असंच सांगत आले.
खरं तर मला माहीत होतं.

माझ्या शेजारी दिलशाद शिकलगार.
ती वाचायला उभी राहिली की
'मगर'चं 'गरम' व्हायचं,
पहिल्या वेलांटीची दुसरी, दुसरीची पहिली,
आणि मागची रांग हसायची. पुढचीही. मीही.
"लक्ष नसतं हिचं," बाई म्हणायच्या.
खाली बसल्यावर ती माझ्या कानात,
"लक्ष देऊन देऊन डोळं दुखत्यात गं."
तीच दिलशाद उद्यमनगरात अब्बांच्या लेथपाशी
नुसतं बोट फिरवून सांगायची,
"अर्धा सूत जास्त हाय."
अब्बा मोजायचे. अर्धा सूत जास्त असायचा.

मी पहिल्या नंबरची.
मला काही होत नव्हतं.
फक्त चाचणीच्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटायची,
पेन धरलेला हात दुसऱ्याच कुणाचा वाटायचा,
आणि मी म्हणायचे, "बाई, पाण्याला जाऊ?"

टाकीपाशी एकदा सन्मती उभा.
"सहाव्यांदा आलीस," नळाकडे बघत म्हणाला.
"पाणी पीत नाहीस. नळ सोडतीस आणि उभी राहतीस.
मंगळवारी पण. त्याच्या आधीच्या शुक्रवारी पण."
मग थोडा वेळ गप्प.
"तुला कुठली घंटा ऐकू येत्या?"

आईनं विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं होतं.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्यानं नळ बंद केला.
पाणी वाया जात होतं म्हणून.

पुढं दिवाळीनंतर एक मॅडम आल्या, तक्ता घेऊन.
चिंता. स्वमग्नता. अध्ययन अक्षमता.
मोठ्या, ठळक, निळ्या अक्षरांत.
शेवटचं दिलशादला वाचता येईना.
दोन जोडाक्षरांपाशी दोनदा अडली,
मग मोठ्यांदा म्हणाली,
"नाव ठेवायचंच हुतं
तर वाचाय येईल असं तरी ठेवायचं."
वर्ग हसला. या वेळी तिच्याबरोबर.
मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.
सन्मती तक्त्याचे खिळे मोजत होता. चारपैकी एक कमी होता.

वार्षिक परीक्षेच्या सकाळी
दिलशादनं माझ्या मुठीत एक लोखंडी तुकडा दिला,
गोल, तेलकट, थंडगार.
"हे धर. गरम हुईस्तोवर सोडू नको. मग पेपर बघ."
"काय आहे?"
"रिजेक्ट माल."

कंपासपेटीचं मी सन्मतीला सांगितलं, पण दहावीत.
तो म्हणाला, "माहीत आहे. तिच्यावर तुझं नाव होतं."
माफ केलं का, ते बोलला नाही.
रंकाळ्याकडची गाडी चार मिनिटं उशिरा आहे, एवढं म्हणाला.

आता कामानिमित्त फिरते.
कुठंतरी तपासणीला पर्स उघडतात,
तो तुकडा दोन बोटांत धरून विचारतात, हे काय?
अर्धा सूत जास्त आहे, मी सांगते.