कटून जातं कुठं

शिबाममध्ये मातीच्या विटा अजून हातानंच चढतात.
बाप खाली, करामा परांचीवर,
मधे मोकळी हवा.
बाप गुडघ्यांतून वाकतो, हूं म्हणतो,
वीट सुटते, आडवी, पाटावर बसल्यासारखी,
चढता चढता दमत जाते
आणि करामाच्या हातांशी येऊन
क्षणभर ना वर, ना खाली.
तेवढ्यात तो ती घेतो,
फडताळातून काढावी तशी.
तीस वर्षं झाली. बापाला विटेचा वीट नाही.

शाळेत उस्ताद बासोदाननी फळ्यावर लिहिलं:
सुटतानाच्या वेगाचा वर्ग, भागिले दोन जी.
जी दहा धरा, म्हणाले, सोयीसाठी.
मी वहीत मांडलं.
सेकंदाला आठ मीटरनं सुटली तर
आठ आठे चौसष्ट, भागिले वीस,
तीन पूर्णांक दोन मीटर.
खरा जी धरला तर वीट आणखी चार बोटं चढते.
ती चार बोटं करामाचे हात
न विचारता सरकतात.

संध्याकाळी बापाला वही दाखवली.
अंगठ्यावरची माती खरवडत त्यानं ऐकून घेतलं.
"यात विटेचं वजन कुठंय?"
लागत नाही, म्हटलं. दोन्ही बाजूंनी कटतं.
खजूर असो की जात्याची तळी,
त्याच वेगानं सुटली तर उंची तीच.
तो हसला नाही.
खांदा चोळत म्हणाला,
"कटतं, बरं. कटून जातं कुठं?"

ईदनंतर करामा जेद्दाला गेला, मेहुण्याच्या दुकानात.
परांचीवर मी चढलो.

पहिली वीट मी घाईनं, वाकून धरायला गेलो.
ती अजून चढत होती. नख काळं पडलं.
दुसरी उशिरा धरली, ती परतीला लागलेली,
खाली पडून तिचा चुरा झाला.
"अरे, येतेय ना ती," बाप खालून ओरडला,
"आधी थांबू दे तिला."

किती गेल्या, मोजल्या नाहीत.
मग एक आली आणि थांबली.
बापाच्या हातून सुटलेली, माझी न झालेली,
तिच्या कडेला गवताची एक काडी,
ती काडीसुद्धा मला दिसली.
मी नुसते तळवे खाली नेले.

मग वजन उतरलं,
वहीत मी ज्यावर काट मारली होती ते,
मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात.

बापाला सांगणार होतो.
पण खालून हूं झालं होतं,
पुढची निघाली होती.