रजा

सुरेंद्र उसेंडी रजेवर आला, नागपुरात, माझ्याकडे हुडकेश्वरला.
पहिल्याच रात्री गॅलरीच्या जाळीला
रिकामे डबे बांधले सुतळीनं,
आत दोन-दोन खडे.
"मांजर येते," म्हणाला.

सकाळी दुधाला निघालो तर
हा डांबरी सोडून नालीच्या काठानं.
"मळलेल्या वाटेवर पाय नाही टाकायचा, ताई.
वाट त्यायलेपण माहीत असते."
समोर शाळेची पोरं, संत्र्यांची गाडी.
कुठेच काही पुरलेलं नाही.

तिसऱ्या रात्री डबे वाजले.
उठले, तर हा ओट्याखाली पालथा,
पोस्टवरच्या कुण्या पोरेटीला सांगतोय:
डावीकडं, डावीकडं बघ.

मांजरच होती.
पोरेटीचं मी विचारलं नाही.
चहात साखर घातली अंधारातच,
दिवा लावू नको म्हणाला.